कासिमिर वेसादचे एकतीस चाकू

माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या ओळीत तीन गोष्टी असायच्या. तारीख, त्या दिवशीचा संत आणि मामंजींच्या खिशातला चाकू. 'बारा मार्च, संत ग्रेगरी, कोर्सिकावाला.' त्याखाली मग दूध किती आलं, कुठली कोंबडी खुडूक बसली, कोण आलं-गेलं, जपमाळ कुणासाठी म्हटली. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी ही सवय लागली आणि मामंजी गेले त्या नोव्हेंबरपर्यंत टिकली.

गेल्या आठवड्यात पॅरिसहून नात आली होती. तिने विचारलं, "पणजोबांकडे खरंच एकतीस चाकू होते का गं आजी, की आजोबा वाढवून सांगतात?" म्हटलं, तुझे आजोबा वाढवून सांगतात हे खरं, पण चाकू एकतीसच होते. ती परत गेली आणि मी माळ्यावरून जुन्या वह्या काढून बसले. दोन दिवस घरात धड स्वयंपाक झाला नाही.

मामंजींचं नाव कासिमिर वेसाद. उंचीने बुटके, खांद्याने रुंद, आणि मिशा तंबाखूने पिवळ्या झालेल्या. पंचवीस मेला, संत उर्बेनच्या दिवशी, आमच्या ओब्राक पठारावरची गुरं वरच्या कुरणांत चढतात आणि तेरा ऑक्टोबरला, संत जेरोच्या दिवशी, खाली उतरतात. ते साडेचार महिने मामंजी वर दगडी खोपटात राहून चीज करायचे. चार पुरुष, शंभर गाई, आणि धुकं. वयाच्या पासष्टीपर्यंत त्यांनी हे केलं. त्यांच्या चीजला वास कसा होता ते लिहून सांगता येणार नाही. ज्यांनी खाल्लं त्यांना आठवतो, बाकीच्यांचं नशीब.

वर देऊळ नाही. खालच्या चर्चला यायचं तर दोन तास, आणि गाई काही रविवार पाळत नाहीत. म्हणून रविवारी सकाळी धारा झाल्या की मामंजी राईच्या पावाचा मोठा गोळा टेबलावर ठेवायचे आणि त्यात आपला चाकू सरळ उभा रोवायचे. आमच्याकडच्या चाकूच्या मुठीवर पितळेच्या बारीक टाचण्या ठोकून क्रूस काढलेला असतो. चौघं टोप्या काढून त्या क्रुसासमोर गुडघे टेकायचे आणि प्रार्थना म्हणायचे. मी घरात नवीन असताना हे कळलं तेव्हा घाबरले. मी खालच्या नदीकाठच्या गावातली, आमच्याकडे चर्च हाकेच्या अंतरावर. फादरांना जाऊन विचारलं, हे पाप तर नाही ना?

फादर म्हणाले, "नंतर तो पाव खातात ना?"

"खातात."

"मग ठीक आहे. पाव टाकून दिला असता तर पाप."

आमच्या पठारावर पुरुष चाकूशिवाय बाहेर पडत नाही. पाव, हॅम, काठीची साल, वासराच्या गळ्यातली गुंतलेली दोरी, सगळ्याला तोच. मुठीच्या पोटात एक दाभणही असतं. गाईने ओलं गवत अधाशासारखं खाल्लं की तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगतं, तेव्हा डाव्या कुशीत नेमक्या जागी ते खुपसून वारा काढायचा. शेजारच्या झेफिरेंची गाय मामंजींनी अशीच वाचवली होती, तीही ईस्टरच्या दिवशी, चर्चचे कपडे अंगावर असताना. झेफिरें पुढे कित्येक वर्षं सांगायचा, "गाय वाचली ते ठीक. पण संध्याकाळी म्हाताऱ्याने त्याच दाभणाने पाईप कोरला, तेव्हा मी माझा पाईप खिशात घातला."

पण एका माणसाला एक चाकू पुरतो. एकतीस कशाला?

ते सुरू झालं पहिल्या महायुद्धात. खंदकात देशभरचे शेतकरी एकत्र आले आणि जेवायला बसले की प्रत्येकाच्या खिशातून वेगळाच चाकू निघायचा. कुणाचा धनगरी, बाकदार. कुणाचा लाकडी मुठीचा, साधा. कुणाचा रुंद पात्याचा, कोळ्यांचा. मामंजी म्हणायचे, "नाव सांगायच्या आधी चाकू सांगतो माणूस कुठल्या खोऱ्यातला. आणि पातं बघितलं की त्याची बायको नीटनेटकी आहे का तेही कळतं." एखाद्याशी जीव जडला की ते चाकूची अदलाबदल करत. चाकू फुकट देऊ नये, मैत्री कापली जाते. म्हणून चाकूच्या बदल्यात चाकू. घरी पत्र जाई की पार्सलात आणखी दोन पाठवा. माझे आजेसासरे वैतागून सासूबाईंना म्हणायचे, "हा तिकडे लढतोय की दुकान घातलंय?"

लढाईतून मामंजी चौदा चाकू घेऊन आले. ते देणाऱ्या चौदा जणांतले नऊ परत आले नाहीत. बाकीचे चाकू पुढे जत्रांत, गुरांच्या बाजारात, लाकूडतोड्यांकडून आले. एक तर खुद्द फादरांकडून. एकतीस झाले तेव्हा त्यांनी हात आखडला. "महिन्याचे दिवस तेवढेच," म्हणाले. "बत्तिसावा आणला तर तो खिशात घालू कधी? खिशात न जाणारा चाकू म्हणजे नुसतं लोखंड."

झोपायच्या खोलीत फळकुटाचा एक रुंद खण होता, आत जुन्या ब्लँकेटचा तुकडा. त्यावर ओळीने एकतीस. रोज सकाळी ते त्या तारखेचा उचलायचे, पातं उघडून अंगठ्याने चाचपायचे, नाव घ्यायचे, "आज लुसियेंचा दिवस," आणि उभ्याउभ्या 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायचे. मग चाकू खिशात. उन्हाळ्यात वर जाताना खण बरोबर न्यायचे; तेव्हा मी वहीत तारखेवरूनच नाव लिहायचे. माणूस जिवंत असो की मेलेला, प्रार्थना तीच. एकतिसावा होता सेतच्या एका कोळ्याचा. त्याची पाळी वर्षातून सातदाच यायची म्हणून त्या दिवशी मामंजी मुद्दाम काहीतरी जास्त कापायचे, निदान एक सॉसेज तरी. "बिचारा वाट बघत असतो," म्हणायचे.

मला कधी वाटायचं, माझी जपमाळ ॲप्रनच्या खिशात असते, यांची खणात आहे.

आता जेवणाच्या टेबलाचं सांगते, कारण गोष्ट तिथेच आहे.

आमच्या घरांत घरधनी टेबलाच्या टोकाला बसतो. तो आपला चाकू उघडतो, पावाच्या पाठीवर चाकूच्या टोकाने क्रूस काढतो, पाव कापतो. त्यानंतर बाकीचे पुरुष आपापले चाकू उघडतात. जेवण चालतं. आणि घरधन्याने चाकू मिटला की जेवण संपलं. खट्ट असा आवाज आला की कुणाच्या ताटात काय उरलंय ते बघायचं नाही, उठायचं. कापणीच्या दिवसांत तर घास तोंडात घेऊनच माणसं दाराबाहेर पडायची. आम्ही बायका वाढायचो, उभ्यानेच चुलीपाशी काहीतरी तोंडात टाकायचो, नंतर पातेली खरवडायचो. त्यात कुणाला काही वाटत नसे. मलाही नाही.

आणि त्यातला एक नियम सगळ्यांत पक्का. ज्याने उघडला, त्यानेच मिटायचा. दुसऱ्याने मिटला की त्या दोघांत वितुष्ट आलंच म्हणून समजा. झेफिरेंने एकदा जत्रेत, चार ग्लास पोटात गेल्यावर, गंमत म्हणून मामंजींचा उघडा चाकू मिटून टाकला होता. दोन हिवाळे मामंजी त्याच्याशी बोलले नाहीत. बर्फात त्याच्या दाराला लाकडं पोचवली, पण बोलले नाहीत.

म्हातारपणी घरधनी चाकू मुलाकडे देतो, म्हणजे उघडायचा मान देतो. मग मुलगा टोकाच्या खुर्चीत बसतो आणि म्हाताऱ्याची खुर्ची चुलीच्या कोपऱ्यात जाते. तिथे तो मांडीवर वाडगा घेऊन, दुसऱ्याने कापलेला पाव सूपमध्ये बुडवून खातो. मामंजींचे थोरले भाऊ ओग्युस्त यांनी नाताळात चाकू दिला होता. पुढच्या नोव्हेंबरात, सर्वसंतांच्या सणाला, आम्ही त्यांच्या थडग्यावर फुलं ठेवली. मामंजी त्या दिवशी दफनभूमीतून येताना एवढंच म्हणाले, "त्याला आजार कसला नव्हता. त्याला कोपरा झाला होता."

हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून एकोणसाठ सालच्या जूनमध्ये मी घाबरले.

मामंजी तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे. आयुष्यभर थंड दुधात, मिठाच्या पाण्यात हात घातलेले. बोटांची पेरं सुजून अक्रोडासारखी झाली होती. आधी लक्षात आलं ते हे की ते जेवायला उशिरा येऊ लागले. घंटेसरशी खुर्चीत बसणारा माणूस. आता सगळे बसल्यावर गोठ्याच्या बाजूने यायचे. आणि खिशातून चाकू काढायचे तो उघडाच. कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुरुषांना भूक लागलेली असली की समोर वाडग्याशिवाय काही दिसत नाही.

सोमवारी कपडे धुताना त्यांच्या विजारीचा खिसा हातात आला. अस्तर सरळ रेषेत चिरलेलं, आणि मांडीपाशी वाळलेलं रक्त. धुणं तसंच दगडावर टाकलं. नंतर गोठ्यात जाऊन बघितलं. खुरं कापायचा चिमटा खुंटीवर असतो, तो खिडकीत होता, आणि त्याच्या जबड्याला चाकूच्या मुठीच्या शिंगाची बारीक भुकटी लागली होती. सगळं उलगडलं. मामंजींच्या नखाला खाचेतून पातं ओढणं जमत नव्हतं. ते गोठ्यात जाऊन चिमट्याने चाकू उघडत होते आणि तो उघडा चाकू खिशात घालून अंगण ओलांडत होते.

त्या संध्याकाळी धारा काढताना मी एलीला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं.

तो गाईच्या पोटाला डोकं टेकवून म्हणाला, "एवढंच ना? मी उघडून देत जाईन."

"आणि मिटणार कोण?"

बादलीतला धारेचा आवाज थांबला. एली त्या वर्षी बावन्नचा होता. त्याच्या वयाचे सगळे केव्हाच आपापल्या टेबलांच्या टोकाला बसत होते, आणि बाजारात त्याला टोमणेही मिळत होते.

"मला ती खुर्ची नको," तो म्हणाला. "म्हणजे हवी, पण अशी नको. तिथे बसून मला त्यांची पाठ बघत जेवायचं नाही."

"मग काय करायचं?"

"तू देवाशी रोज बोलतेस. विचार त्याला."

देवाला विचारलंच. पण देव उत्तर द्यायच्या आत मी स्वतःच अक्कल चालवली. मामंजी कुंपण बघायला गेले होते तेव्हा खण उघडला आणि एकतीसच्या एकतीस चाकूंना सांध्यापाशी अक्रोडाचं तेल लावलं. वाटलं, पाती जरा सैल होतील. झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांतून चाकू माशासारखा निसटायला लागला. ते खण घेऊनच स्वयंपाकघरात आले, चुलीपाशी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "लेओनी, मरणाऱ्याला फादर तेल लावतात हे मला ठाऊक आहे. पण या सगळ्यांची प्रकृती एकदमच बिघडली का?"

मी म्हटलं, "गंज दिसला मामंजी."

"माझ्या चाकूंना?"

दिवसभर ते जुन्या सदऱ्याच्या चिंधीने एकेक पुसत बसले.

शहरातल्या खाणावळींत असतात तसा जेवणाचा एक सपाट चाकूही मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवून बघितला. त्यांनी एका बोटाने तो टेबलाच्या कडेपर्यंत ढकलला. "पाहुणा येणार आहे का कुणी?" म्हणाले.

शेवटी मी काहीच न बोलता त्यांच्या दोन्ही विजारींच्या उजव्या खिशांना आतून चामड्याचं अस्तर शिवलं. खोगिराचं जुनं, जाड चामडं. पातं कापणार नाही असं. त्यांनी सकाळी विजार चढवली, खिशात हात घातला आणि तो तिथेच राहिला. मी पावाचं पीठ मळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पिठाकडे बघितलं.

त्यानंतर ते पुन्हा वेळेवर जेवायला येऊ लागले आणि टेबलावर सगळ्यांसमोर चाकू उघडू लागले. मला हायसं वाटलं. पण वही काही लपवत नाही. सोळा जुलैला पान लिहिताना मी मागची पानं चाळली. सहा तारखेपासून वरच्या ओळीत एकच नाव होतं. सावोयवाला, सावोयवाला, सावोयवाला. अकरा दिवस. सकाळी ते म्हणायचे, "आज आँतेल्मचा दिवस," आणि मी लिहून टाकायचे, माझ्याच हाताने, न बघता. सावोयचा तो चाकू लाकडी मुठीचा, हलका, चाळीस वर्षांत सांधा झिजून ढिला झालेला. चिमटीत धरला की उघडायचा. एकतिसांतला तेवढा एकच आता त्यांचं ऐकत होता. बाकी तीस माणसं खणात पडून होती आणि त्यांच्या वाटची प्रार्थना कुणी म्हणत नव्हतं. ती मी म्हणू लागले, वहीतून नावं काढून. पण मी त्यांना बघितलेलं नव्हतं. नावं घेताना डोळ्यांपुढे काही यायचं नाही.

त्या जुलैत पाऊस हटत नव्हता. गवत उभ्याउभ्या काळं पडायला लागलं. एकोणिसाला ऊन पडलं, खालचं मोठं कुरण निम्मं कापून वाळत घातलं, आणि बावीसला, संत मारी मादलेनच्या दिवशी, आम्ही उरलेलं कापायला आणि वाळलेलं गाड्यांत भरायला घेतलं. सात माणसं. एली, झेफिरें आणि शेजारपाजारचे पाच जण. मामंजींचं काम बसून विळ्यांच्या धारा ठोकून काढायचं. दवाने भिजलेल्या गवतात पोतं टाकून, पुढ्यात छोटी ऐरण घेऊन ते पहाटेपासून बसले होते. पोतं भिजलं, विजार भिजली, खिसा भिजला, आणि खिशातलं आँतेल्मचं लाकूडही.

बाराची घंटा झाली. प्रार्थना म्हणून माणसं आत आली. मी सकाळीच आलिगो घोटून ठेवला होता, उकडलेल्या बटाट्यात ताजं चीज. ताराच्या तारा निघत होत्या. कोबीचं सूप, हॅम, दोन घडे दारू. सगळे बसले. मामंजी टोकाला. पाव पुढ्यात.

त्यांनी चाकू काढला. चिमटीत धरला. पातं हललं नाही.

पुन्हा धरला. लाकूड फुगून पात्याला असं घट्ट बसलं होतं की जणू एकच तुकडा आहे. त्यांनी तो मांडीवर पुसला, दुसऱ्या हाताने धरला. नख घसरलं. त्यांच्या आधी चाकू उघडायचा नाही म्हणून सात माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली, आणि सूपची वाफ हळूहळू कमी होत होती.

झेफिरेंने सावरायचा प्रयत्न केला. "कासिमिर, आज उपास आहे का? आधी सांगितलं असतंस तर मी घरून खाऊन आलो असतो."

"तू घरून खाऊनच आलायस," मामंजी मान न उचलता म्हणाले. "तुझ्या मिशीला अंडं लागलंय."

कुणीतरी हसलं आणि पुन्हा पावाकडे बघू लागलं. मामंजींचे कान लाल झाले होते. एलीने हात टेबलावर आणला, अर्ध्यावर थांबवला आणि पुन्हा खाली घेतला. मी बघितलं. मामंजींनीही बघितलं. त्यांनी चुलीच्या कोपऱ्याकडे एकदा नजर टाकली. तिथे काही नव्हतं, फक्त लाकडांची टोपली. मी मनातल्या मनात 'नमो मारिया' सुरू केलं होतं आणि कुठपर्यंत आले तेच विसरले.

मग त्यांनी चाकू मुठीकडून पुढे केला. एलीकडे नाही. माझ्याकडे.

"लेओनी, हा उघड."

माझ्या हातात सूपचा डाव होता. "मी?"

"वीस गाईंच्या धारा काढणारे हात आहेत. उघड."

झेफिरें म्हणाला, "अरे, पण मग मिटणार कोण?"

"जी उघडेल ती," मामंजी म्हणाले. "नियम मला तू शिकवू नकोस. दोन हिवाळे आठवतात ना?"

मी डाव ठेवला, हात ॲप्रनला पुसला आणि पातं ओढलं. जोर लावावा लागला, पण आलं. मामंजींनी चाकू माझ्या हातून घेतला, पावावर क्रूस काढला, पाव कापला. सात चाकू एकामागून एक उघडले. जेवण सुरू झालं.

सुरुवातीला मला वाटलं, ही म्हाताऱ्याची युक्ती आहे. मुलाला खुर्ची द्यायला नको म्हणून मला मध्ये घातलंय. वेळ झाली की डोळ्याने खुणावतील आणि मी मिटायचा. बरंच झालं, म्हटलं. मी वाढत राहिले. सूप, हॅम, आलिगो दोनदा. सगळ्यांचं आटोपलं. पाती पावाच्या तुकड्याने पुसून झाली. मी मामंजींकडे बघितलं. ते ताटातले कण बोटाने गोळा करत होते.

खिडकीतून पश्चिमेकडे ढग दिसत होते. एक जण म्हणाला, "भरून येतंय."

मी पुन्हा मामंजींकडे बघितलं. शेवटी त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "मिटू का?"

"तुझं जेवण झालं?"

"माझं कुठलं? मी नंतर खाईन."

"नंतर म्हणजे कधी? चाकू मिटला की जेवण संपलं. संपल्यावर कुणी जेवत नाही या घरात." त्यांनी बाकाकडे हनुवटीने दाखवलं. "एली, सरक."

एली सरकला. मी बसले. या घरात सत्तावीस वर्षं झाली होती, पण पुरुष जेवत असताना त्या टेबलाला मी कधी बसले नव्हते. टेबल बसल्यावर उंच वाटतं हे मला तेव्हा कळलं. एलीने स्वतः उठून माझं ताट भरलं, इतकं की मी लाजले. आठ पुरुष माझ्याकडे बघत बसलेले. मी चिमणीएवढे घास घेत होते.

झेफिरें म्हणाला, "लेओनी, आलिगो ओढत ओढत खातात, मोजत नाहीत."

"तिला खाऊ दे," एली म्हणाला.

"खाऊ दे की. मी फक्त ढगाच्या वतीने विचारतोय."

"ढगाला सांग, घरधनीण जेवतेय," मामंजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सावकाश. हाडूक नाही त्यात."

मी गार झालेला आलिगो खाल्ला, पाव खाल्ला, एलीने ओतली ती अर्धा ग्लास दारूही प्याले. आणि खरं सांगते, अर्ध्या वाटेनंतर ते माझ्याकडे बघतायत हे मी विसरले. भूक लागली होती. पहाटे चारपासून उभी होते. ताट पुसलं, चाकू हातात घेतला, बोटांनी कपाळावर क्रूस काढला आणि चाकू मिटला. सगळे उठले.

साडेतीनला पाऊस आला. सहा गाड्या आत आल्या होत्या, शेवटच्या दोन भिजल्या. झेफिरें अंगणात ओलाचिंब उभा राहून म्हणाला, "या दोन गाड्या लेओनीच्या पोटात गेल्या." मामंजी म्हणाले, "मग उरलेल्या सहा आपल्या पोटात गेल्या नाहीत हे नशीब. चल, आत ये, अंग पूस." ते गवत पुढे दोन दिवस उन्हात पसरून उलटंपालटं करावं लागलं. ते काम मामंजींनी केलं, लाकडी दाताळं घेऊन, इतर कुणाला हात लावू न देता.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे पाणी आणून आत आले तेव्हा ते खणापाशी उभे होते. तेवीस तारीख. त्यांनी काळ्या शिंगाचा, अख्ख्या खणात सर्वांत कडक असलेला चाकू उचलला, अंगठ्याने चाचपला तो मिटलेलाच, आणि म्हणाले, "आज गातियेनचा दिवस." गातियेन लढाईत व्हेर्दनला मारला गेला होता. मी तशीच घागर कमरेवर घेऊन त्यांच्याबरोबर प्रार्थना म्हटली. मग मी त्यांना विचारलं, हा गातियेन दिसायला कसा होता? ते म्हणाले, "दात पुढे. गायचा फार, आणि वाईट."

दुपारी घंटा व्हायच्या आधीच ते कुरणातून आले आणि टोकाच्या खुर्चीत बसले. मागून बाकीचे आले. मी पाठमोरी सूप ढवळत होते. गातियेनचा चाकू मिटलेलाच त्यांनी टेबलावर पुढे सरकवला.

"लेओनी," ते म्हणाले, "माणसं भुकेली आहेत."